वाजली नाही ती शिट्टी

आज बास्केटबॉलच्या सामन्यात पंच म्हणून उभा होतो आणि घरी आल्यावरही एकच प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ड्रिबल करत (चेंडूला टप्पे देत) आत घुसणाऱ्या खेळाडूच्या कमरेला बचावपटूचा तळहात क्षणभर टेकला. पण त्याची ना लय बिघडली, ना तोल गेला, ना वेग मंदावला, म्हणून मी शिट्टी दातांतच धरून ठेवली. पुढे त्याचा ले-अप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन केलेली फेक, चुकला आणि बाकावरून ओरडा सुरू झाला. (तोच चेंडू बास्केटमध्ये गेला असता, तर तो तळहात कोणाला दिसलाही नसता.)

फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम याबाबत स्पष्ट आहेत: ज्या किरकोळ संपर्काने कोणाचा फायदा वा तोटा होत नाही, त्याला शिक्षा करू नये. अडचण एवढीच, की हा फायदा-तोटा पापणी लवायच्या आत ठरवावा लागतो. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच बचावपटूचा तळहात कमरेवर टेकून तिथेच राहिला, समोरच्याची वाट बदलली आणि मी लगेच फाउल दिला. तो बचावपटूच्या संघाचा त्या क्वार्टरमधला पाचवा फाउल असल्याने समोरच्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता करायच्या फेकी) मिळाले.

या दोन्ही निर्णयांबद्दल मला शंका नाही. सलतो आहे तो पहिल्या क्वार्टरमधला एक फाउल, जो असाच ओझरता स्पर्श असूनही मी घाईने दिला होता. प्रशिक्षकाने सामन्यानंतर नेमके तेच विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.