मातीवरचा राईट हाफ

चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर सब-ज्युनियर हॉकीच्या ट्रायल्स होत्या. पहिल्याच क्वार्टरमध्ये एका राईट हाफने, म्हणजे उजवीकडून मधली फळी सांभाळणाऱ्या पोराने, आम्हा तिघा निवडकर्त्यांचं लक्ष ओढून घेतलं. चण लहान, पण टॅकलला असा घुसायचा की समोरचा उंचापुरा फॉरवर्ड बिचकायला लागला. पेनल्टी कॉर्नरला पहिला रशर, म्हणजे फटका अडवायला धावून जाणारा, हाच. बॉल आत ढकलला की गोलरेषेवरून थेट बॉल ओढून गोलवर फेकणाऱ्या ड्रॅगफ्लिकरवर धाव. एक फटका नडगीवर बसला. पोरगा लंगडला आणि पुढच्या कॉर्नरला पुन्हा रेषेवर हजर.

"सर, याला घ्याच. काळीज आहे," सहकारी म्हणाले.

काळीज मलाही दिसत होतं. पण पंधराव्या वर्षी अंगावर जाऊन जिंकलेले बॉल एकविसाव्या वर्षी तसेच मिळत नाहीत. तोवर सगळ्यांचीच शरीरं भरलेली असतात. हिसकावलेला बॉल पुढे कुणाला द्यायचा हे ज्याला आधीच ठाऊक असतं, तो वर टिकतो. याचं तिथेच अडत होतं. बॉल येताना मान खाली. आधी ट्रॅप, म्हणजे बॉल स्टिकने थांबवणं, मग वर बघणं, आणि तोवर पासची वाट बंद.

हाफटाइमला त्याला बाजूला घेतलं. "बॉल यायच्या आधी मागे का बघत नाहीस रे?"

"सर, आमचं मैदान मातीचं आहे. नजर काढली की बॉल उडून तोंडावर येतो."

मला हायसं वाटलं. ओल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, बॉल एकसारखा घसरत येतो, तेव्हा क्षणभर मागे बघता येतं. खड्ड्यांच्या मैदानावर तेवढ्यात दात जातात. मुंबईत टर्फ मोजके, पोरं घडतात मातीवर. त्यांना टर्फवरच्या अर्ध्या तासात जोखून घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

मी एकच काम दिलं: पास निघाला की खांद्यावरून मागे बघ आणि जवळच्या खेळाडूच्या बिबचा, म्हणजे जर्सीवरच्या रंगीत बंडीचा, रंग ओरडून सांग. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन सोपे बॉल स्टिकखालून निसटले. ट्रायलमध्ये शिकवणी कशाला, म्हणून सहकारी नाराज झाले. पोरगा मात्र "लाल!", "पिवळा!" ओरडत राहिला. शेवटच्या क्वार्टरमध्ये ओरडणं थांबलं, बघणं चालूच. एक बॉल तर त्याने न थांबवता विंगरच्या पुढे मोकळ्या जागेत वळवला. चारचौघांत फजिती होऊनही त्याने जुनी सवय धरली नाही. नडगीवरच्या फटक्यापेक्षा मला ही जिद्द मोठी वाटली.

काळजी आहे ती डाइव्हची. उशीर झाला की हा आडवी स्टिक टाकतो. त्यात फाउल होऊन ग्रीन कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, आणि पुढे खेळ मोठा होतो तशी किंमतही वाढते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. भारत चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी लढला, शूटआउटवर जिंकलाही. पण जर्मनीविरुद्धच्या सेमीफायनलला रोहिदास, आपला भरवशाचा रशर, बाहेर होता.

एकाने उंचीवर बोट ठेवलं. पंधराव्या वर्षाच्या उंचीवर मी कुणाला नाकारत नाही, एवढंच म्हणालो. मग माझा शेरा वाचून दाखवला: "निवडावा. यंदा राखीव, तीन वर्षांत पहिल्या अकरात. टर्फवर नियमित सराव हवा. आधी पाय हलवून वाट अडवणं शिकवा, डाइव्ह नंतर." त्याखाली तिघांनी सह्या केल्या.