देवाचा दरबार आणि आपल्या मंडळ्या

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या भाविकांच्या समूहांत, रविवारच्या उपासनेला इतक्या सहजपणे गायिली जातात की, एके काळी तो धाडसी प्रयोग होता याची आठवणही होत नाही. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते रूढ असताना टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्तभक्तीसाठी हाती घेतली. त्यांच्याही आधी, १८६०च्या दशकात, अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. जुनी हिंदू उपासना मोठी किंमत मोजून सोडलेल्या माणसांना टाळ-मृदंग पुन्हा ऐकताना धास्ती वाटली असेल, तर त्यात नवल नाही. त्या धास्तीला मी संकुचितपणा म्हणणार नाही.

टिळकांचे सर्वांत मोठे धाडस मात्र १९१७ मधले. मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. वार्षिक अहवालाच्या भाषेत हा प्रयोग फसला. मला तसे वाटत नाही, कारण ख्रिस्तावर प्रेम आहे पण घरादाराशी नाते तोडवत नाही, अशा माणसांचे काय, हा त्यांचा प्रश्न आजही मागच्या बाकावर येऊन बसतो आणि उपासना संपताच कोणाशी न बोलता निघून जातो.

धाडस एकट्यादुकट्यानेच करावे, असेही नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बालकांना द्यावा की प्रौढांनाच, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मतभेदांवर त्यांनी वाट काढली, आणि मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशियाने ऐनवेळी माघार घेतली तरी उरलेले थांबले नाहीत.

त्याच परंपरेतील पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, आज तरुण संघाने वस्तीत शुक्रवारचे कीर्तन करण्याची किंवा उपदेशानंतर प्रश्नोत्तरे घेण्याची कल्पना मांडली, तर ‘आजवर असे झालेले नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. चर्चच्या मालमत्तेच्या कोर्टातील दाव्यांसाठी मात्र पैसा आणि वेळ दोन्ही निघतात, हे मला मनापासून खुपते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मंडळीने अंदाजपत्रकात नव्या उपक्रमासाठी थोडी रक्कम राखून ठेवावी, त्याला निदान एक वर्ष द्यावे आणि तोवर दानपेटीवरून त्याचा हिशेब मांडू नये. उपक्रम फसला तर काय शिकलो, हे वार्षिक सभेत मोकळेपणाने बोलावे, आणि तो करून पाहणाऱ्या पाळकाची त्यापायी बदली होणार नाही, याची हमी डायसिसने, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील प्रांताने, लेखी द्यावी.