आडनाव झाकलेले अर्ज

आज ऑफिसात नाव, आडनाव, पत्ता झाकून नोकरीचे अर्ज चाळले. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे आमचे सिनियर काका वैतागले, "अहो, आडनाव नाही तर माणूस कळणार कसा?" नेमकं तेच कळू द्यायचं नव्हतं, काका!

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. 2007 मध्ये तो अभ्यास छापून आला. आणि आपलं बडोदं? परदेशात शिकून 1917 मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना या गावात राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई फायली लांबूनच टाकत. कमाटी बागेत फिरताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

अर्थात, मुलाखतीत उमेदवार बोलायला लागला की लहेजा कळतोच. म्हणून सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहायचे. हे शेवटचं फार कामाचं. एरवी साहेब बोलले की बाकीचे माना डोलावतात.

कॉलेजचं नावही झाकावं असं माझं मत. साहेबांना पटलेलं नाही. सोमवारी पुन्हा भांडणार.