हत्तीच्या पोटात उभा होतो आणि हत्तीच दिसत नव्हता

राजापूर तालुक्यात माझी आत्या असते. त्यामुळे शाळेत असेपर्यंत मे महिना म्हणजे तिचं घर हे ठरलेलंच. आंबे, फणस, विहिरीत उड्या आणि ऊन उतरलं की सड्यावर क्रिकेट. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा जांभ्या दगडाचा सपाट कातळ, मैलभर पसरलेला, झाड नाही सावली नाही, आमच्यासाठी मात्र वानखेडे. इतक्या सुट्ट्या तिथे काढल्या पण त्या कातळावर काही बघण्यासारखं असेल असं कधी डोक्यातही आलं नाही.

मग काही वर्षांनी मोबाईलवर एक फोटो आला. वरून ड्रोनने काढलेला, कातळावर कोरलेला भलामोठा हत्ती, आणि खाली लिहिलेलं कशेळी. म्हटलं कशेळी? आपली कशेळी? आडिवऱ्याला जाताना लागते ती? लगेच आत्याला फोन लावला तर ती म्हणाली, "ती होय, ती पांडवांनी काढलेली चित्रं. त्यात काय बघायचंय, उन्हात मरायचंय काय?" म्हणजे तिला माहीत होतं! आणि इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाही, का तर आम्ही कधी विचारलंच नाही.

तर गेल्या जानेवारीत सुट्टी काढून गेलो. आतेभावाची स्कूटर घेतली, तो मागे आणि मी पुढे.

पहिली चूक म्हणजे निघेपर्यंत अकरा वाजले, कारण आत्याने घावणे आणि काजूची उसळ खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. कशेळीच्या सड्यावर पोचलो तेव्हा ऊन अगदी डोक्यावर. मोबाईलमध्ये लोकेशन बरोबर दाखवतंय, निळा ठिपका लाल खुणेवर येऊन बसलाय आणि समोर काय तर काळा-तपकिरी कातळ, सुकलेलं गवत, वारा. अर्धा तास गोल गोल फिरलो. आतेभाऊ म्हणायला लागला की तो फोटो कॉम्प्युटरवर केलेला असेल.

तेवढ्यात गुरं घेऊन एक आजोबा आले. डोक्याला टॉवेल, हातात काठी. म्हटलं आजोबा ती चित्रं कुठे आहेत हो, तर ते हसायलाच लागले. "त्यावरच तर उभे आहात की!" मग काठीचं टोक कातळावर टेकवून ते चालत गेले, आणि काठीच्या मागे मागे बघितल्यावर कुठे एक उथळ चर दिसली, बोट-दोन बोटं खोल असेल. पण भर दुपारी सावलीच पडत नाही, त्यामुळे चर आणि कातळ एकाच रंगाचे, बघून न बघितल्यासारखं. आजोबा म्हणाले पाच वाजता या, नाहीतर सकाळी उन्हं वर यायच्या आधी. लहानपणी गुरं चारायला यायचे तेव्हा ह्यावरच बसून भाकरी खायचे म्हणे.

मधला वेळ कनकादित्याच्या देवळात काढला. हे देऊळही बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नाही. सूर्याची देवळं आपल्याकडे मुळात कमी आणि हे तर अगदी कोकणी घरासारखं, उतरत्या छपराचं, आत लाकडाचं काम. गोष्ट अशी सांगतात की वेरावळहून एक व्यापारी आदित्याची मूर्ती गलबतातून घेऊन चालला होता, ते गलबत कशेळीच्या समुद्रात अडलं ते हलेचना, मग मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली तेव्हा हललं. पुढे कनका नावाच्या सूर्यभक्त बाईला दृष्टांत झाला आणि गावाने मूर्ती आणून स्थापन केली, म्हणून कनकादित्य. गोष्टीचं गोष्टीपाशी, पण देवळाकडे शिलाहार राजा भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट आहे, म्हणजे आठशे वर्षं तर नक्कीच. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. तिथून खाली देवघळीला पण गेलो, मूर्ती ठेवली होती ती गुहा तिथली. काळा खडक आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा, आम्ही सोडून चिटपाखरू नव्हतं.

पाचला परत सड्यावर. आणि काय सांगू. तोच कातळ, तीच जागा, पण सूर्य खाली आला होता आणि प्रत्येक चरीत काळी सावली भरली होती, कुणी नुकतंच शाईने काढून ठेवल्यासारखी. एक रेघ धरली आणि तिच्या कडेकडेने चालत सुटलो, ती सरळ गेली, वळली, परत वळली, मग कळलं की हा पाय होता. अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद हत्ती आहे तो! जमिनीवर उभं राहून सगळा एका नजरेत मावतच नाही, चालूनच बघावा लागतो. दुपारी आम्ही अर्धा तास ह्याच्या पोटातच फिरत होतो.

आणि पोटात काय काय आहे! मासे, पक्षी, चार पायांची जनावरं, एकात एक कोरलेली. एक आकृती मला चक्क पाखट वाटली, तो शेपटीवाला चपटा मासा, आतेभाऊ म्हणाला छे रे, ती मोरी आहे, म्हणजे छोटा शार्क. दहा मिनिटं आम्ही त्यावर भांडलो, मासे खाणाऱ्या घरातली माणसं शेवटी. ह्या भागातल्या कातळशिल्पांमध्ये गेंडासुद्धा आढळलाय. कोकणात गेंडा! म्हणजे ज्याने कोरला त्याने तो बघितलेला असणार, म्हणजे हे सगळं किती जुनं. अभ्यासक ह्या चित्रांची सुरुवात मध्यपाषाणयुगापर्यंत मागे नेतात, तेव्हा शेती नव्हती, लोखंड तर नव्हतंच, दगडानेच दगड खोदायचा.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांनी अशीच पायपीट करत, गावागावात माणसांना विचारत ही चित्रं शोधून काढली, आता आकडा हजाराच्या वर गेलाय. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. 'शोध लागला' वगैरे पेपरात वाचलं की मला आता ते भाकरी खाणारे आजोबा आठवतात.

दुसऱ्या दिवशी शहाणे झालो, पहाटे निघालो. आत्याने पण हार मानली, डबाच बांधून दिला. बारसूला कातळावर माणूस कोरलाय, हात पसरून उभा आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवर दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे ना, तोच आठवतो. बारसू हे नाव २०२३ मध्ये रिफायनरीच्या आंदोलनामुळे रोज टीव्हीवर होतं, पण तेव्हा ह्या माणसाला किती जणांनी बघितलं असेल देव जाणे.

देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ मोठा चौकोन आहे, त्यात नक्षीच नक्षी, माणूस नाही प्राणी नाही. आणि देवाचं गोठणं! इथे कातळावर माणसाची आकृती आहे आणि तिथे होकायंत्र ठेवलं की काटा भलतीच दिशा दाखवतो. मी ट्रेकिंगच्या जमान्यातलं जुनं होकायंत्र मुद्दाम नेलं होतं. आकृतीवर ठेवलं, काटा वेडा. दहा पावलं बाजूला जाऊन ठेवलं, शहाणा. परत आणलं, परत वेडा. जांभा म्हणजे लोहाने भरलेला दगड हे मान्य, पण नेमकी हीच जागा त्या माणसांनी का निवडली हा किडा माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. पावसाळ्यात सड्यावर पाणी आणि फुलं असतात, दिसायला झकास पण चित्रं लपतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच जा. टोपी आणि भरपूर पाणी घ्या, वर टपरी नाही. फोटो चांगला यावा म्हणून रेघांमध्ये खडू-चुना भरू नका प्लीज, फारच वाटलं तर बाटलीतलं थोडं पाणी चरीत ओता, रेघ लगेच गडद होते. गाडी नसेल तर उक्षी गाठा, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, आणि तिथल्या हत्तीभोवती गावाने चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांचा, कठडा बांधून वरून बघायची सोय केलीय, त्यामुळे आमच्यासारखे हत्तीच्या पोटात हरवणार नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आतेभावाला म्हटलं चल आपल्या सड्यावर जाऊ, आपल्या पिचवर. आत्याला सहज विचारलं, तिथे पण होती का गं काही चित्रं? ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "होती म्हणायचे रे आमचे मामंजी, खळ्याएवढं काहीतरी होतं."

गेलो. पायवाट तीच होती, करवंदांच्या जाळ्या तशाच होत्या. वर चढलो आणि थांबलो. चिरेखाण. दोन-तीन घरं आत मावतील एवढा चौकोनी खड्डा, भिंती करवतीने कापल्यासारख्या सरळ, तळाला हिरवं पाणी आणि कडेला अजून न नेलेल्या चिऱ्यांची चवड. आतेभाऊ कडेवर उभा राहून जरा वेळ अंदाज घेत होता. मग हात लांब करून खड्ड्याच्या मधोमध, हवेत, बोट दाखवून म्हणाला, "तिथे. तिथे आपले स्टंप असायचे."