त्या मातीत राखायचं काय?

"रायगड-राजगड बघितलेली माणसं तुम्ही, आणि या गवताळ टेकडीसाठी एवढं का भांडता?" इंग्लंडच्या डॉर्सेटमधला मेडन कासल हा मातीचा प्राचीन गड बघून उतरलेला पुण्याचा प्रत्येक पाहुणा मला हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

बुरूज नाही, तोफ नाही, कबूल. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी चुनखडी खणून रचलेले तट, मध्ये खोल खंदक आणि आत १९ हेक्टर गवत, एवढंच आहे.

बाबा आले होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सह्याद्रीतल्या गडांवर झाडोरा तोडण्यात, टाकी उपसण्यात घालवली. नुकताच पाऊस पडून गेला होता. वाट सोडून ते थेट तटावर चढायला लागले, तेही गवत जाऊन पांढरी चुनखडी उघडी पडली होती तिथूनच. "बाबा, तिथून नको," म्हटलं. ते थांबेनात. मग मी ओरडले. लोक वळून बघायला लागले. बाबा उतरले आणि हळूच म्हणाले, "गड कसा राखायचा ते आता तू शिकवणार मला?" गाडीत कुणी बोललं नाही. परत जाईपर्यंत त्यांनी त्या जागेचं नाव काढलं नाही.

ते अजून सलतं. पण पुन्हा तशीच वेळ आली, तर पुन्हा ओरडेन. दगडी तटाचा चिरा निखळला तर उचलून परत बसवता येतो. इथे कोणत्या थरावर कोणता थर पडलाय, हाच सगळा पुरावा. तो पायांनी सुटला, पावसाने वाहिला, की वर टाकलेली नवी माती आपली असते, तट रचणाऱ्यांची नाही.

पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ मध्ये इथे उत्खनन केलं. सापडलेले सांगाडे रोमन हल्ल्यात एकाच वेळी मारलेल्यांचे, असं त्यांनी ठरवलं. आता नव्या कालमापनातून ते मृत्यू काही दशकांत विखुरलेले निघाले. हाडं जपली होती, म्हणून पुन्हा विचारता आलं. याच उत्खननात शिकलेले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीभोवतीचा तट-खंदक उजेडात आला. बाबांना हे फोनवर सांगितलं. "बरं," म्हणाले.

पूर्वी मी म्हणायचे, कुंपण घाला. आता तसं छातीठोक म्हणवत नाही. तिथे तिकीट नाही, मेंढ्या चरतात, मुलं धावतात. अडवलं तर ही जागा आपली मानणारं कोण उरेल? आणि नाही अडवलं, तर दर पावसाळी हिवाळ्यात उतार थोडा अजून उघडा पडतो.