हरण्या मागे सरला

पोळा होऊन गेला, बेगड उतरलं, शिंगांचा रंगही पावसानं फिका पडला असेल, पण माझ्या डोक्यातून ते काही जात नाही. झालं तर एवढंसंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी ताईकडे गेलो होतो. दाजींनी हळद-तुपाची वाटी माझ्या हातात दिली, म्हणाले, "घ्या, यंदाचा मान तुमचा." मी हात पुढे केला आणि त्यांचा बैल हरण्या मागे सरला. नुसता सरला नाही, फुरफुरला, कान मागे टाकले, दाव्याला हिसका दिला. त्याचा जोडीदार शेजारी निवांत रवंथ करत उभा. सगळे हसले. मीही हसलो.

"मामाला जनावरांच्या दवाखान्याचा वास येतो," भाचा म्हणाला.

वास कसला? चांगली आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून गेलो होतो. शेवटी दाजींनीच दोघांचे खांदे मळले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" तेही त्यांनीच सांगितलं. मी वाटी धरून बाजूला. धरायचंच काम आपलं, सणालासुद्धा.

हरण्याचं तसं काही चुकलं नाही. खोंड होता तेव्हा त्याचं खच्चीकरण आमच्याच दवाखान्यात झालं. दोरानं पाडला, पाय बांधले. चिमटा डॉक्टरसाहेबांच्या हातात, मान माझ्या गुडघ्याखाली. कानात तो बारा आकडी पिवळा बिल्ला मारला मी. दर लाळखुरकुताच्या लसीच्या फेरीला वेसण धरली मी. साहेब येतात, टोचतात, पुढच्या दावणीला जातात. आणि तोच हरण्या साहेबांचा हात चाटतो! हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नाक धरणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. अंगठा आणि बोट दोन नाकपुड्यांत घालून मधला पडदा चिमटीत पकडायचा, तोंड वर उचलून एका अंगाला वळवायचं, दुसऱ्या हातात शिंग. हाताला ओलं, गरम, आणि श्वास मनगटावर. जनावराचा एक डोळा आपल्या तोंडापासून वीतभर लांब. त्यात आपलंच तोंड दिसतं, लांबुळकं, वाकडं. गाईबैलाला उभ्या जागी जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं दिसत नाही. साहेब नेमके तिथून येतात. म्हणजे दुखणार मागून आणि डोळ्यासमोर मी. मग त्यानं हिशेब कुणाच्या नावावर लिहावा?

साहेबांनी एकदा सांगितलं होतं की गाईंवर असे प्रयोग झालेत, त्रास देणारा माणूस त्या कपड्यांच्या रंगावरूनसुद्धा ओळखतात आणि त्याच्यापासून लांब राहतात. खाकी शर्ट सोडून पांढरा सदरा घातला तर हरण्यानं फसायला हवं होतं. फसला नाही. बहुतेक त्यानं ते प्रयोग वाचलेले नसावेत.

रात्री झोप आली नाही. नोकरीची इतकी वर्षं आठवत बसलो. लंपीचं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या त्या साथीचं साल, 2022. गुरांना शेळ्यांच्या देवीचीच लस, मोठ्याला लहानाला 1 मिली, कातडीखाली. गाव संपलं की दुसरं गाव. आणि लागण झालेली जनावरं वेगळीच. गाठी फुटलेल्या, पाय सुजून खांबासारखे, जखमांत अळ्या. लाल पावडरीच्या पाण्यानं धुवायचं, टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचा, अळ्या वर आल्या की चिमट्यानं एकेक काढायची. वास असा की जेवणाचा डबा तसाच घरी परत यायचा. बाजार बंद, पोळा दारातल्या दारात. ज्यांच्या जखमा मी महिना महिना बांधल्या त्यातलं एकही जनावर पुढे कधी मला बघून आपणहून जवळ आलं नाही. बरं करताना पण दुखवलंच होतं ना मी त्यांना. घरातही तेच. कडू औषध पाजणारा बाप वेगळा आणि खाऊ आणणारा काका वेगळा... जाऊ दे.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, बैलानं तोंड फिरवलं म्हणून कुणी जेवायचं राहतं का. बदलीच्या कागदाचं काय झालं ते विचारलं तिनं. त्यावर मी बोललो नाही.

पण लंपीचंच आणखी एक आठवलं पहाटे. गोठ्यात जाऊन नाक धरावं आणि जनावरानं काहीच करू नये, तोंड तसंच हातात देऊन उभं राहावं, तेव्हा साहेब माझ्याकडे बघायचे आणि मी साहेबांकडे. मालक म्हणायचा, बघा किती गरीब आहे. आम्ही गप्प. तसल्यातली बरीच गेली. मेलेल्या बैलामागे सरकारनं 25 हजार दिले, त्या कागदांसाठी हेलपाटे घातले ते मीच. आणि जे हिसका द्यायचं, मुंडी घुसळायचं, लाथ झाडायचं ते बहुतेक चारा खायला लागायचं. एका कालवडीनं अशी लाथ घातली की मांडी काळीनिळी झाली, आणि मी तिथंच खाली बसून हसत होतो. तिच्या मालकिणीला वाटलं मला फिट आली.

त्या मापानं हरण्याची तब्येत ठणठणीत आहे. कान बघा, नाकाचा ओलावा बघा, हिसका बघा. दाव्याचा खुंटा हलला होता, दाजींनी सकाळी परत ठोकला म्हणे.

तरी साहेबांचा हात चाटतो हे मात्र मला मान्य नाही. तिथं काहीतरी अन्याय आहे.

आज दुपारी दाजींचा फोन. लाळखुरकुताची फेरी कधी, विचारत होते. म्हटलं, लस आली की कळवतो. या खेपेला हरण्याची वेसण बाळू धरेल. पोरगं नवीन आहे, हौशी आहे, गावातली सगळी जनावरं आपला हात चाटतात याचं त्याला भारी कौतुक. साहेबांना तसं सांगून टाकलंय. साहेब म्हणाले, "त्याला कशाला? तुमची पकड चांगली आहे." मी म्हटलं, म्हणूनच.