‘अ गुड इयर’च्या द्राक्षबागेत दादासोबत चार दिवस

आधीच सांगते, ‘अ गुड इयर’ सिनेमातला तो वाडा आतून बघायला मिळत नाही. ‘शातो ला कानोर्ग’ हे त्याचं खरं नाव. दक्षिण फ्रान्सच्या ल्युबरों भागात, बोन्यू गावाच्या पायथ्याशी तो आहे आणि तिथे आजही एक कुटुंब राहतं. बाग त्यांची, वाईनही तेच करतात. पाहुण्यांसाठी उघडं असतं ते फक्त वाईन चाखायचं आणि विकत घ्यायचं दालन. वाडा झाडांच्या फटीतून, लांबूनच दिसतो. तो तलाव, ते टेनिस कोर्ट, त्या पायऱ्या बघायला म्हणून निघालात तर हिरमोड होईल. द्राक्षं बघायला निघालात तर चार दिवस कमी पडतील. आम्हाला कमी पडले.

सिनेमा २००६चा, दिग्दर्शक रिडली स्कॉट. लंडनच्या रोखेबाजारात पैसा ओढणाऱ्या मॅक्सला (रसेल क्रो) काकांच्या मृत्यूनंतर प्रोव्हाँसमधला वाडा आणि द्राक्षबाग वारशाने मिळते. विकून मोकळं व्हायचं म्हणून तो येतो आणि अडकतो. बागेत, लहानपणच्या आठवणींत आणि गावात हॉटेल चालवणाऱ्या फॅनीत (मारियाँ कोतियार). समीक्षकांना तो फारसा आवडला नव्हता. फ्रेंच माणसं त्यात जरा ठोकळेबाज आहेत, हे मलाही मान्य आहे. पण बागेची कित्येक वर्षं राखण करणारा द्युफ्लो, मालक बदलणार म्हटल्यावर आतून हलतो ना, ते मी आमच्याच घरात पाहिलं आहे.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. आमचे वडील, अण्णा, गेले त्या वर्षी प्लॉट पाडणाऱ्या एकाने चांगला भाव सांगितला होता. मी पुण्यात नोकरीला, बाग दादा बघतो. नातेवाईक म्हणाले, बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घे म्हणजे पुढे कटकट नको. दादा म्हणाला, सातबाऱ्यावर तिचं नाव राहू दे, ती विक म्हणाली तर विकू. त्या आठवड्यात मी हा सिनेमा पुन्हा पाहिला. मी ‘विक’ म्हणाले नाही. पुढे कधीतरी दादाला ही जागा दाखवायची, हे मनात राहिलं आणि गेल्या सप्टेंबरात जमलं. पितृपक्ष चालू होता, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला (फळासाठी केली जाते ती) वेळ होता. दादाला बागेतून उठवायला वर्षात एवढीच फट मिळते. नेमकी तीच तिकडे तोडणीची वेळ.

जायचं कसं, तर पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून तेजेव्हे, म्हणजे त्यांची वेगवान रेल्वे, पकडा. जवळचं शहर आव्हिन्यों पावणेतीन तासांच्या आत येतं. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. मार्सेच्या विमानतळावरूनही जाता येतं. पुढे मात्र गाडी भाड्याने घ्यावीच लागते. गावागावांत बस आहेत, पण मोजक्या, आणि बागांपर्यंत त्या पोचत नाहीत. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. आम्ही ऑटोमॅटिक गाडी ठरवली होती, काउंटरवर हातात गिअरवाली ठेवली गेली आणि दुसरी शिल्लक नव्हती. उजवीकडून चालवायचं आणि गिअर उजव्या हाताने टाकायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत दादाने पहिला तास घाट चढल्यासारखा काढला. बुकिंगच्या कागदावर गाडीचा प्रकार स्पष्ट लिहून घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारा. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा.

राहायला बोन्यू गाठा. जवळच्या गोर्द गावापेक्षा शांत आहे आणि सगळ्याच्या मध्ये पडतं. गाव डोंगराच्या उतारावर रचलेलं आहे, माथ्यावर जुनं चर्च. शेवटच्या ८६ पायऱ्या चढून गेलात की समोरच्या टेकडीवर लाकोस्त गाव आणि मधल्या खोऱ्यात नुसत्या द्राक्षांच्या ओळी दिसतात. आम्ही बागेलगतच्या एका घरातली खोली घेतली होती. पहिल्याच रात्री, पहाटे चारच्या सुमाराला, घरघर ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर दिवे लावलेलं एक उंच यंत्र द्राक्षाच्या ओळीवरून चाललंय, ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं आणि वेल पोटाखालून जाते. ते वेल गदागदा हलवतं आणि मणी आत पडतात. रात्रीच तोडतात, कारण रोझे, म्हणजे फिकट गुलाबी वाईनसाठी द्राक्ष थंड असलेलं हवं. उन्हात तापलेलं द्राक्ष लवकर आंबायला लागतं. दादा स्वेटर घालून अर्धा तास बांधावर उभा होता. आमच्याकडे एक-एक घड कात्रीने कापून, मण्याला बोट न लावता क्रेटमध्ये ठेवतात. मण्यावरची लव पुसली तर व्यापारी भाव पाडतो. इथे मणी फुटला तरी चालतो, त्याचा रसच काढायचाय. “यांचं दुखणंच वेगळं आहे गं,” एवढंच तो म्हणाला.

ला कानोर्गला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. बोन्यूवरून पों ज्युलियँ या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पाटी दिसते. जायच्या आधी वेळ बघून घ्या. या भागात दुपारी बारा ते दोन-अडीच सगळं बंद असतं आणि रविवारी तर बहुतेक दारं लागलेली असतात. आत शिरताना ‘बाँजूर’ म्हणा, मग बाकीचं बोला. हे त्यांच्याकडे नमस्कारासारखं आहे, न म्हणता काही विचारलंत तर माणूस लगेच आखडतो. चाखण्यासाठी घोटभरच ओततात. गाडी चालवणाऱ्याने तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि ती दोन ग्लासांतही गाठली जाऊ शकते. सिनेमाची चौकशी आम्ही केलीच नाही. दालनातल्या बाई आपल्या कामात होत्या आणि दादाला बागेबद्दल विचारायचं होतं.

बागेच्या कडेने सार्वजनिक रस्ता जातो, तिथून वेली हाताच्या अंतरावर आहेत. हा बाग सेंद्रिय आहे. ओळींमध्ये गवत होतं, ते बघून दादा आधी अस्वस्थ झाला. आमच्याकडे एवढं गवत दिसलं तर शेजारी बोलतात. मग वाकून त्याने पानं उलटी करून बघितली. पानांच्या कडांना फिकट निळसर डाग होते. “बोर्डो!” तो एकदम म्हणाला. “बोर्डो मारलाय यांनी.” मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण आम्ही लहानपणापासून अण्णांच्या हातात बघितलं आहे. ड्रमात ढवळायचे, लोखंडी विळा बुडवून तांब्याची पुटं चढतात का तपासायचे. बोर्डो हे फ्रान्समधल्या शहराचं नाव आहे, हे दादाला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिथल्या रस्त्याकडेच्या बागांवर येणाजाणाऱ्यांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून हे कडू मिश्रण फवारत, आणि त्याच वेलींवर डाऊनी (बुरशीचा रोग) येत नाही, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं. १८८५ साली त्याने ते जाहीर केलं. जवळपास दीडशे वर्षांत ते नाव निफाडपर्यंत येऊन घरचं झालं. हे मी दादाला सांगत होते आणि तो पान हातात धरून उभा होता.

आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. जुन्या ग्रेनाश जातीच्या वेली तारेशिवाय आहेत, मांडव नाही, ओलांडे (तारेवर आडव्या वळवलेल्या फांद्या) नाहीत. गुडघाभर उंचीचं जाड खोड आणि वर पाच-सहा फाटे, एखाद्या मुठीसारखे. मणी बारीक, साल जाड. आम्ही मणी फुगवायला धडपडतो, इथे तो लहान राहावा म्हणून वेलीला तहानलेलं ठेवतात, कारण रंग आणि चव सालीत असते. सिनेमात द्युफ्लो खडकाळ तुकड्यातल्या वेलींवर जीव लावतो आणि लपवून वाईन करतो, ते का, हे मला इथे उभं राहिल्यावर कळलं. द्राक्ष तोडून तोंडात टाकू नका, हे वेगळं सांगायला नको.

कथेतल्या वारशाबद्दल थोडं. काकांची कुणालाच माहीत नसलेली मुलगी येते आणि पुतण्याचा हक्क डळमळतो, ही सिनेमातली गोष्ट फ्रान्समध्ये पटते. तिथल्या कायद्याने आई-बाप मुलांना पूर्ण वगळू शकत नाहीत. एक मूल असेल तर अर्धी, दोन असतील तर दोन-तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर तीन-चतुर्थांश मिळकत मुलांसाठी राखीव असते. विवाहाबाहेरच्या मुलांना पूर्ण समान हक्क २००१च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने देशभर आला. तरी हक्कसोडपत्रांचे गठ्ठे तलाठ्याकडे जातातच. म्हणून दादाने जे केलं, ते मी कधी विसरणार नाही.

बाकीची ठिकाणं भराभर सांगते. गोर्दमधल्या मुख्य चौकात फॅनीचं हॉटेल उभं केलं होतं. कारंजं आणि समोरचा किल्ला लगेच ओळखू येतो. मंगळवारी तिथे बाजार असतो, गाडी लावायला पैसे आणि धीर दोन्ही लागतात, नऊच्या आत पोचा. क्युक्युरों गावाचा चौकोनी तलाव मात्र संध्याकाळसाठी राखून ठेवा. चारी बाजूंनी प्रचंड प्लेन वृक्ष आणि मध्ये संथ हिरवं पाणी, मॅक्स आणि फॅनीचं जेवण इथलंच आहे. पों ज्युलियँ हा तीन कमानींचा रोमन पूल. २००५ पर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या, आता चालत किंवा सायकलवरून जायचं. ओपेद गावाजवळ खुद्द रिडली स्कॉटची द्राक्षबाग आहे, म्हणजे त्याने सिनेमा आपल्या गावाकडेच केला म्हणा ना. लॅव्हेंडर बघायचं असेल तर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत जा, सप्टेंबरात सेनांकच्या मठासमोर नुसती कापलेली झुडपं असतात.

शाकाहारी असाल तर तापनाद विचारून खा. ऑलिव्हच्या त्या चटणीत बहुधा मासळी असते. रातातुई (भाज्यांचा रस्सा), पिस्तू (बेसिल-लसणाची चटणी) घातलेलं भाज्यांचं सूप आणि बकरीच्या चीजचं सॅलड यांवर आमचं निभावलं. ‘कराफ दो’ म्हणालात की नळाचं पाणी फुकट मिळतं. ‘मिस्त्राल’ वारा सुटला तर सप्टेंबरातही रात्री शाल लागते.

वाईन भारतात माणशी दोन लिटर शुल्काशिवाय आणता येते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. दादाने बाटली घेतली नाही. शनिवारी आप्त या गावच्या बाजारात त्याने जुन्या अवजारांच्या ढिगातून छाटणीची एक कात्री उचलली, लाकडी मुठीची, स्प्रिंग अजून घट्ट. विकणाऱ्या आजोबांनी ती आपल्या तळव्यावर धार लावल्यासारखी फिरवून दाखवली आणि दादाने मान डोलावली. तीही चेक-इनमध्येच टाका, हाताच्या बॅगेत असली तर काढून घेतात. ऑक्टोबरात गोडी छाटणीचा पहिला वेल त्याने त्याच कात्रीने घेतला, आणि दुसरा माझ्या हातून.